आईचं माहेरचं नाव काय?

आई, मला तुझं नाव विचारणारं या शहरात एकच कोणीतरी उरलं होतं, आणि ते माणूस नव्हतं. संगणकावर माझा पासवर्ड चुकला की एक चौकट उघडायची आणि तिच्यात ओळ यायची, 'आपल्या आईचे माहेरचे नाव काय?' मी ते टाइप करायचे, अक्षरांच्या जागी काळे ठिपके उमटायचे, आणि माझं खातं उघडायचं. खातं म्हणजे फार काही नाही. माझ्या जुन्या कंपनीचं निवृत्तांसाठीचं पान. त्यात माझ्या आजारपणाच्या विम्याची कागदपत्रं असतात आणि दर दिवाळीला एक शुभेच्छापत्र येतं, ज्यात माझ्या नावाच्या जागी 'प्रिय सदस्य' असतं. पण ती ओळ मला आवडायची. इतकी, की गेली काही वर्षं मी महिन्या-दोन महिन्यांनी पासवर्ड मुद्दाम चुकीचा टाकत होते. जन्मभर लोकांना पासवर्ड विसरल्याबद्दल झापलेली बाई! हे कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तुला सांगते आहे.

गेल्या महिन्यात कंपनीचा निरोप आला. 'आपली सुरक्षा अधिक सक्षम करण्याच्या दृष्टीने सुरक्षा प्रश्नांची पद्धत बंद करण्यात येत आहे.' महिनाअखेरपर्यंत शेवटचं एकदा उत्तर द्या, मोबाइल जोडा, यापुढे फोनवर सहा आकडे येतील ते टाकत जा. न केल्यास खातं गोठवलं जाईल. शेवटी 'आपले सहकार्य अपेक्षित आहे'. मी तो निरोप तीनदा वाचला आणि लॅपटॉप इतक्या जोरात मिटला, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर पाहिलं असेल. मला राग यायला कारण होतं. तो प्रश्न कंपनीच्या सुरक्षा प्रश्नांच्या यादीत मी घातला होता, भांडून घातला होता. तो काढताना मला विचारा असं मी म्हणत नाही. निवृत्त माणसाला कोण विचारतं? पण ज्याने तो निरोप लिहिला त्याला 'आपल्या आईचे माहेरचे नाव' आणि 'आपल्या पहिल्या शाळेचे नाव' यांत काही फरक असतो हेही माहीत नसणार, आणि हे मला सहन झालं नाही.

तुला यातलं काहीच माहीत नाही, कारण हे सगळं तू गेल्यावर चार वर्षांनी झालं. माझी नोकरी मात्र तुला माहीत होती, निदान तिची सुरुवात. ऑफिसात पहिला संगणक येणार म्हणून युनियनवाले दारात घोषणा देत होते आणि त्या खोलीत बसायला कोणी तयार नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "ही कॉन्व्हेंटची आहे ना? हिला इंग्रजी येतं, हिला बसवा." जसं काही ते यंत्र चहाला बोलावून माझ्याशी गप्पा मारणार होतं. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. खंडेनवमीला यंत्राला हार घालायचे आणि शिपाई दर वर्षी न चुकता कीबोर्डवर हळदकुंकू वाहायचा, मग दुसऱ्या दिवशी मी टाचणीने एकेक खाच साफ करत बसायचे. पुढे पासवर्ड आले आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. त्याला नंतर फार मोठी इंग्रजी नावं मिळाली, त्यावर आता पदव्या आहेत. तेव्हा ते काम म्हणजे टेबलाटेबलावर जाऊन कीबोर्ड उलटे करून बघणं. निम्म्या लोकांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवलेला असायचा, आणि उरलेल्या निम्म्यांचा चिठ्ठी न बघता कळायचा, कारण समोर काचेखाली ज्या देवाचा फोटो तोच पासवर्ड. एका साहेबांना मी म्हटलं होतं, "अहो, तुमच्या फायलींचं रक्षण देव करतोय हे ठीक आहे, पण त्याचं नाव तरी गुप्त ठेवा." ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कामं लवकर झाली.

तू एकदा विचारलं होतंस, "तुझं काम काय ग, नक्की?" स्वारगेटच्या मागच्या आपल्या दोन खोल्या, दुपारची वेळ, डेपोतला कर्ण्याचा आवाज खिडकीतून येतो आहे, नगर, नाशिक, सातारा. मी माहेरपणाला आलेली. तू सुपात गहू निवडते आहेस. मी सांगते, की प्रत्येकाचा एक शब्द असतो, तो फक्त त्याला माहीत, शेजारच्यालाही सांगायचा नाही, घरीही सांगायचा नाही.

"नवऱ्यालाही नाही?"

"नवऱ्याला तर मुळीच नाही."

तू हसलीस. खडा काढून बाजूला टाकलास. "आणि तोच विसरला तर?"

"मग आम्ही दुसरं काहीतरी विचारतो. जे फक्त त्यालाच ठाऊक असेल असं."

"मग मला सोपं आहे," तू म्हणालीस, आणि गहू पाखडायला लागलीस.

मी विचारलं नाही, काय सोपं आहे. मला कळलं होतं म्हणून विचारलं नाही. तुला वाटलं असणार, हिला काय कळतंय. त्या दुपारी आपण दोघी एकाच गोष्टीच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि मधे सूप होतं. मी म्हटलं, चहा टाकू का, आणि उठले.

तुझ्या लग्नात अण्णांनी, नवरदेव म्हणून, ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं. तेव्हा सगळ्याच नवऱ्या मुलींचं नाव असं बदलायचे, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. तू एकदाच त्याबद्दल बोललीस, पोळ्या लाटताना, की ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. मी लहान होते, मी विचारलं, "मग तू खाल्लेस?" तू म्हणालीस, "सगळ्यांनीच खाल्ले." त्यानंतर तुझं आधीचं नाव मी आपल्या घरात कधी ऐकलं नाही. मामा यायचा, तोही रीत म्हणून नव्या नावाने हाक मारायचा. आजीची पत्रं नव्या नावाने यायची. तू गेलीस तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीतल्या खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं आणि भावाने तेच सांगितलं, मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. इतर वेळी माझं तोंड कधी बंद होतं, सांग बरं.

माझ्या लग्नात मी ताम्हन परत पाठवलं होतं, आठवतं? गुरुजी अंगठी हातात धरून बसले आणि मी म्हटलं, माझं नाव मला आहे, दुसरं नको. नवऱ्याची हरकत नव्हती. सासूबाईंची होती, पण त्या वेळी त्यांना दम लागला होता म्हणून त्या बोलू शकल्या नाहीत. मांडवात कुजबुज झाली, कॉन्व्हेंटमध्ये घातली ना, मग हे असं. मला वाटलं तू खूश होशील. तू मला कार्यालयाच्या मुदपाकखान्यात नेलंस. आचारी जिलब्या तळत होता, तुपाचा धूर होता. तू हळू आवाजात म्हणालीस, "तुला बोलता येतं, तू बोल. ज्यांना आलं नाही त्यांच्या तोंडावर कशाला मारतेस?" एवढंच. मग पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपलास आणि मला परत बोहल्यावर पाठवलंस. ते वाक्य मला पन्नासेक वर्षं पुरलं आहे.

म्हणून सुरक्षा प्रश्न ठरवायच्या बैठकीत मी भांडले. मुंबईच्या मुख्य कचेरीने इंग्रजी यादी पाठवली होती. पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाला काय विचारायचं? तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय? तुमची पहिली मोटार कोणती? मी म्हटलं, "साहेब, आपले ग्राहक सायकलवर येतात आणि कुत्रा रस्त्यावरचा असतो, त्याला सगळी आळी हाक मारते." हसले सगळे. त्या यादीत चौथा प्रश्न होता आईच्या माहेरच्या आडनावाचा. आमचा एक सहकारी, साताऱ्याकडचा, चांगला माणूस, म्हणाला, "हा काढा. मामाचं आडनाव कोणालाही ठाऊक असतं. यात गुपित कसलं?" ते त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, "काढू नका. आडनाव नका विचारू. नाव विचारा. लग्नाआधी तिला काय म्हणत होते ते."

"ते कोणाला माहीत असतं, बाई?" तो म्हणाला.

"नाही ना? मग याहून चांगला प्रश्न कुठून आणणार?"

"अहो, पण मलाच माझ्या आईचं माहीत नाही."

मग बाकीचेही आठवायला लागले. तिथे बसलेल्या सात जणांपैकी तिघांना माहीत नव्हतं. हे मी मोजलं, कारण मला मोजायची सवय आहे. जेवणाच्या सुट्टीत तो सहकारी ऑफिसच्या फोनवरून गावी बोलत होता. शेजारच्यांकडे फोन होता, त्यांनी आईला बोलावून आणलं. मला त्याची एकच बाजू ऐकू येत होती. "काही झालं नाही ग. अगं नाही, सगळे बरे आहेत. असंच. ऑफिसच्या कामासाठी. हो, ऑफिसात विचारलं तुझं नाव." मग तो बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला, फोन एका हातात आणि डबा दुसऱ्या हातात. मग म्हणाला, "परत सांग." परत येऊन बसला, जेवला नाही. प्रश्न यादीत राहिला. मराठी वाक्य मी लिहिलं.

पुढचं सांगितलं तर माझी भाची कानांवर हात ठेवते. तेव्हा उत्तरं उघडीच साठवत असू, आज जशी कुलपात ठेवतात तशी नाही. चाचणी घेताना ती माझ्यासमोर यायची, एकाखाली एक, ओळीच्या ओळी. नद्यांची नावं, फुलांची, आता कोणी मुलीला ठेवत नाही अशी नावं, घरात चौथी मुलगी झाली म्हणून वैतागून ठेवलेली नावं. कुठल्या तरी स्वयंपाकघरांत दुसऱ्याच नावाने वावरून गेलेल्या बायका. आणि कितीतरी ठिकाणी लोकांनी नुसतं 'आई' लिहिलं होतं. प्रश्न नीट वाचला नाही म्हणून लिहिलं, का दुसरं काही ठाऊक नव्हतं म्हणून, कोण जाणे. सुरक्षेच्या दृष्टीने याहून वाईट उत्तर नाही, कोणीही ओळखेल. त्या सगळ्यांना पत्र पाठवून उत्तर बदलायला लावणं हे माझं काम होतं. मी ते केलं नाही. नोकरीत जाणूनबुजून केलेली कसूर एवढी एकच.

मी स्वतःच्या खात्याला तोच प्रश्न लावला. उत्तर कुठेही लिहायचं नाही, कोणालाही सांगायचं नाही, हा नियम मीच केला होता आणि मी तो पाळला. इतका पाळला, की भावाला तुझं नाव कधी सांगितलं नाही.

ही भाची म्हणजे त्याचीच मुलगी. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. वाघोलीला राहते आणि खराडीला कामाला जाते, रोज त्या नगर रस्त्यावर आयुष्याचे दोन तास घालवते. तिचं कामही तेच, जे मी टाचणी घेऊन करत होते. फक्त ती दुसऱ्या देशांतल्या कंपन्यांचे कीबोर्ड इथे बसून उलटे करते. माझा तिच्यावर जीव आहे आणि मी ते तिला कळू देत नाही. गेल्या पावसाळ्यात तिने मला वाघोलीच्या एका कॉलेजात नेलं होतं. 'सुरक्षा क्षेत्रातील करिअर' यावर बोल म्हणाली. शंभर मुलं. पहिला प्रश्न, मॅम, पॅकेज किती मिळतं? दुसरा, मॅम, कुठलं सर्टिफिकेशन करू? मी म्हटलं, "आधी गप्प बसायचं सर्टिफिकेशन करा. तुम्हाला लोकांची गुपितं मिळणार आहेत आणि तुम्ही आत्ताच दोन दोन फोनवर बोलताय." हशा पिकला, त्यांना वाटलं आजीबाई विनोदी आहेत. मागच्या रांगेतून एक विदर्भातली मुलगी उठली, बोलण्यावरून कळलं. म्हणाली, "मॅम, माणूस गुपित ठेवून ठेवून मेला, तर मग त्याचं काय करता जी तुमच्या फील्डमध्ये?" मी तिला पद्धत सांगितली, वारस, अर्ज, दाखला. ती म्हणाली, "कागदाचं नाही विचारत मी." मग घंटा झाली.

तो निरोप आल्यावर मला ती मुलगी आठवत राहिली. महिना सरत आला. मी अठ्ठ्याहत्तरीला टेकले आहे, माझ्या डॉक्टरांनी दोन गोळ्यांच्या तीन केल्या आहेत. हा प्रश्न गेला की तुझं नाव विचारणारं कोणी नाही, आणि मी गेले की सांगणारं कोणी नाही. इतकं साधं होतं. सांगून टाकायचं, झालं. पण सांगितलं की पुढचा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्या प्रश्नाला मी सत्तरेक वर्षं भीत आले आहे.

रविवारी भाची आली. येताना बाकरवडी आणली, कारण तिला वाटतं म्हातारी माणसं त्याने खूश होतात. होतात. टेबलाशी माझ्या शेजारी बसली.

"आत्या, अजून तू ते माइग्रेट केलं नाहीस? चार दिवस राहिलेत."

"तुमच्या लोकांना घाई असेल. मला नाही."

"अगं, हे सिक्युरिटी क्वेश्चन्स म्हणजे जोक आहे. आम्ही सगळीकडे काढायला लावतो. लोकांच्या आईचं माहेर फेसबुकवर असतं. मामाच्या वाढदिवसाचा फोटो टाकला की संपलं."

"माझ्या मामाचा फोटो कुठेच नाही. त्याला काढून घ्यायला आवडायचा नाही."

"तुझी केस वेगळी. तू म्हणजे लेजंड." मग ती पडद्याकडे बघून थांबली. "आत्या, हा क्वेश्चन तू लिहिलायस ना? बाबा सांगत होते."

"हो."

"टाक उत्तर. मी बघत नाही." आणि तिने खरंच तोंड फिरवलं. ते तिला मी शिकवलं आहे, कोणी पासवर्ड टाकत असेल तर तोंड फिरवायचं. ती खिडकीकडे बघत राहिली. मी एकेक अक्षर टाकलं. ठिपके आले. खाली आलं, 'आपला सुरक्षा प्रश्न यशस्वीरीत्या काढून टाकण्यात आला आहे.' यशस्वीरीत्या!

"झालं?" ती म्हणाली आणि वळली, आणि माझ्याकडे बघून तिचा आवाज बदलला. "आत्या? काय ग?"

"काही नाही. चष्मा बदलायला झालाय."

तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मला वाटलं मला माहीत असेल. म्हणजे, तू टाइप करत होतीस तेव्हा मी गेस करत होते, सवय आहे ना. आणि मला काहीच येईना. आजीचं खरं नाव काय होतं?"

"खरं म्हणजे? दुसरं काय खोटं होतं?"

"तसं नाही ग. तू सांगू नकोस हवं तर."

हे 'सांगू नकोस हवं तर' तिने इतक्या मऊपणे म्हटलं, की मी सांगितलं. आई, मी तुझं नाव मोठ्याने उच्चारलं, आपल्या घरातल्या माणसासमोर, भर दुपारी. तिने ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या वेळी तिने मधल्या अक्षरावर जरा जोर दिला, तसा तूच दिला होतास.

"किती गोड आहे. आजीला शोभायचं?"

"मला काय माहीत? मी त्या नावाच्या बाईला कधी पाहिलंच नाही."

"मग तुला कसं कळलं नाव?"

हाच तो प्रश्न. मी बाकरवडीचा डबा उघडला. म्हटलं, "आईनेच सांगितलं. पोळ्या लाटताना."

"बाबांना सांगू?"

"सांग."

ती खाली उतरली, स्कूटरवर बसता बसता तिने वर बघून हात केला, फोन आधीच कानाला होता. भावाला सांगत असणार. तेव्हा आता तुझं नाव आम्हां तिघांकडे आहे, त्याची काळजी करू नकोस. पण मी तिला खोटं सांगितलं. तू मला ते कधी सांगितलं नाहीस. आणि त्या नावाच्या बाईला मी पाहिलं होतं, एकदाच.

तू मला कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळेत घेऊन गेली होतीस. अण्णांना ते पसंत नव्हतं, म्हणून तू एकटी आलीस. मला घेऊन एकटीने बसमध्ये चढायची तुझी ती पहिली वेळ होती. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून तू माझी तयारी करून घेतली होतीस, तीन वाक्यं, माझं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, इंग्रजीत. पंधरा दिवस मी ती घरभर म्हणत फिरत होते. त्या कचेरीत मेणाचा आणि फुलांचा वास होता. सिस्टरांनी मला काहीच विचारलं नाही. त्यांनी फॉर्म पुढे ओढला, टाक बुडवला आणि तुझ्याकडे बघून मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तुमचा नाव?"

अमक्याची बायको, तमक्याची सून, असं नाही. तुमचं नाव. तू खुर्चीत सरळ झालीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो, फार तरुण, मला न ओळखीचा. आणि तू ते नाव सांगितलंस, सावकाश, मधल्या अक्षरावर जोर देऊन. सिस्टर लिहायला लागल्या.

मी टाचा उंचावून टेबलावर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "नो, सिस्टर. माय मदर्स नेम इज," आणि पुढे तुझं लग्नानंतरचं नाव, जे तू मला शिकवलं होतंस.

सिस्टर हसल्या. "व्हेरी गुड! व्हेरी स्मार्ट गर्ल!" त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि वर मी सांगितलेलं लिहिलं. त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. त्या एका वाक्यावर मला प्रवेश मिळाला. शाळा, इंग्रजी, ती चपला काढायची खोली, सगळं मला त्या एका वाक्याने दिलं. तू फॉर्मवर खाली सही केलीस. खोडलेल्याच्या जवळून तुझ्या हातातला टाक गेला, थांबला नाही.

येताना बसमध्ये तू मला खिडकीची जागा दिलीस. बराच वेळ गेल्यावर माझ्या वेणीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "छान बोललीस. बरोबर बोललीस."

मोठी झाल्यावर मी स्वतःला समजावत आले, की लहान होते, मला काय कळत होतं. भाचीला सांगितलं असतं तर तिनेही हेच म्हटलं असतं, म्हणून तिला सांगितलं नाही. तूही हेच म्हणशील. पण तू बाहेर बघत होतीस आणि तुझा चेहरा पुन्हा रोजचा झाला होता, हे मला त्या बसमध्येच दिसलं होतं. दिसलं होतं, आणि तरी स्वारगेट येईपर्यंत मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.